फटमास्तरांची उदबत्ती

आमच्या चाळीत सगळ्यांत जास्त उदबत्त्या जळत त्या फटमास्तरांच्या खोलीत, आणि फटमास्तरांचा देवावर काडीचाही विश्वास नव्हता. सकाळी आंघोळ झाली की उघड्या अंगानं, हातात पेटलेली उदबत्ती घेऊन ते आधी दाराच्या चौकटीभोवती फिरत, मग खिडकीभोवती, मग स्टुलावर चढून भिंत आणि छपराच्या सांध्याशी. ओठ सारखे पुटपुटत असत. समोरच्या बायकांनी हे मास्तरांचं वास्तूसाठीचं काहीतरी कडक व्रत ठरवून टाकलं. एकीनं त्यांच्या खिडकीला हळदकुंकू वाहिलं, दुसरीनं वेळेत चालायला न लागलेलं पोर आशीर्वादाला आणलं. खरा प्रकार असा होता की धुराची रेघ सरळ वर गेली तर ठीक. ती थरथरली, वाकली की तिथं फट आहे. मास्तर तिथं खडूनं फुली मारत. आणि पुटपुटणं म्हणाल तर तो मंत्र नव्हता. फटीला उद्देशून दिलेल्या त्या शिव्या होत्या.

हा गृहस्थ शाळेत ड्रॉइंग शिकवी. वर्ध्याच्या कापूस बाजारामागं आमची खोल्यांची एक रांग होती, मातीच्या भिंतींची, वर कौलं, तिकडच्या भाषेत कवेलू. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी बँकेच्या नोकरीसाठी नाशिकहून नवाच आलो होतो आणि मास्तरांच्या शेजारच्या खोलीत बिऱ्हाड थाटलं होतं. दारं अशी होती की लावून घेतलं तरी खालून मांजराचं पिल्लू ये-जा करी. चैत्र सरला आणि दुपारची लू, तिकडचा तो भाजणारा वारा, त्या फटींतून आत शिरू लागली, तेव्हा मी बायकोला म्हणालो, आपण घरात राहतो की भट्टीत? मास्तरांनी भिंतीपलीकडून ते ऐकलं असावं. संध्याकाळी येऊन दारात उभे राहिले आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, "ऊन सोसता काऊन तुम्ही? माह्या घरात वाऱ्याले बी इचारून या लागते."

हे त्यांचं आवडतं वाक्य. माणूस किरकोळ, आवाज मात्र बाजारात लिलाव पुकारणाऱ्याचा. त्या आवाजात ते वाक्य ऐकलं की वाटे, वारा खरंच बाहेर टोपी काढून उभा असेल.

फटी बुजवायला लागणारं सामान त्यांनी गावातूनच जमवलं होतं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात झाडून टाकलेली रुई मागून आणायची, चिंचोक्याची खळ शिजवायची, रुई तिच्यात भिजवून वाती वळायच्या आणि चिमट्यानं फटीत ठासायच्या. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या भेगेला माती, शेण आणि भुसा. दाराच्या काठाला जुन्या घोंगडीच्या पट्ट्या. कवेलूंखाली बांबूचे तट्टे बांधून त्यांनाही मातीनं लिंपलं होतं. दाराच्या खालच्या फटीसाठी धोतराच्या फडक्यात वाळू भरून त्यांनी एक लांबलचक वळकटी शिवली होती आणि ड्रॉइंगमास्तरच ते, तिच्यावर रंगानं नागाचे खवले काढले होते. दुधवाला एकदा तो नाग पाहून दूध सांडून पळाला. मास्तर दिवसभर खूष होते, आणि मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दिवसभर बिनदुधाचा चहा पीत होत्या.

नुसतं बुजवणं म्हणजे मात्र त्यांच्या लेखी अर्धं काम. पहाटे सगळं सताड उघडं टाकायचं, रात्रीचा गारवा घरात भरून घ्यायचा आणि समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर ऊन आलं की सगळं बंद. स्वयंपाक त्याच्या आधी उरकायचा, तोही मागच्या पडवीत. मागच्या सावलीकडच्या झरोक्याला रुई गुंडाळलेलं लाकडी बूच होतं, तेही ते थोडं तिरपं ठेवत. घराला नाक पाहिजे, भोकं नकोत, असं म्हणत. साहेबलोकांच्या कचेऱ्यांत तेव्हा खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या असत आणि त्यांच्यावर पाणी मारायला एक माणूस. मास्तर त्यांना हसत. विहिरींनी तळ गाठलेला, आणि हे भिंतीला पाणी पाजताहेत! आपल्याला पाणी नको, खस नको, वीज नको. आत आलेला गारवा बाहेर जाऊ दिला नाही की झालं. भरदुपारी मी त्यांच्या खोलीत पाय टाकला की मला वाटे, नाशिकला आपल्या घरी माजघरात आलो.

चाळ त्यांना हसे. अंगण ओलांडताना कुणीतरी हमखास विचारी, मास्तर, आज किती फटी मारल्या? मास्तर थांबून, छाती काढून उत्तर देत. त्यांना चिडवलेलं आवडतच असे. घरमालकाचं मात्र तसं नव्हतं. त्याच्या डोक्यात बसलं होतं की खळीनं आणि शेणानं चौकटींना वाळवी लागेल. तो दर महिन्याला येऊन हे काढा म्हणे, आणि मास्तर दर महिन्याला आणखी एक भेग बुजवून दाखवीत. मला आधी वाटलं, माणूस विक्षिप्त आहे. मग एके दिवशी माझ्या बायकोला वहिनींनी सांगितलं ते मला कळलं आणि माझं हसणं थांबलं.

वहिनींचं माहेर पवनारचं. रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण तिथं झालं होतं, वैशाखात, टिनाच्या छपराखालच्या खोलीत. मुलगा झाला. आणि तो उन्हाळ्यानं नेला. पोराचं बारसं तेवढं झालं. मास्तर पाळण्यासाठी चित्रं काढून घेऊन गेले होते, ती तशीच परत आली. त्यानंतर त्यांनी पहिली उदबत्ती पेटवली. आता वहिनी पुन्हा दिवसांत होत्या, आणि दिवस भरत होते तेही वैशाखातच. चाळीतल्या बायका आपसांत कुजबुजत, की हिच्या नशिबी उन्हाळाच लिहिलेला आहे, हेही टिकायचं नाही. मास्तरांच्या कानावर ते गेलं होतं. नशिबाच्या बापाचं राज्य आहे काय, एवढंच ते माझ्यापाशी म्हणाले आणि खडू घेऊन स्टुलावर चढले.

मुलगी झाली. हाताच्या ओंजळीत मावेल एवढी, पण आवाज बापाचा. त्याच दिवशी हिंगणीहून मास्तरांच्या आई बैलगाडीनं आल्या, सोबत ओव्याचं गाठोडं आणि शेगडी. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवून तिला शेक द्यायचा, वर ओव्याची धुरी, हे त्यांच्या आईनं केलं होतं आणि आजीनंही. ऋतू कोणता, हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही. म्हातारी शेगडी पेटवून आत निघाली आणि मास्तर दारात आडवे झाले. आत माणसांपुरती हवा आहे, निखाऱ्यांपुरती नाही, असं त्यांनी आईला सांगितलं. या बंद खोलीत शेगडी ठेवायची तर आधी सगळं फोडावं लागेल, आणि फोडलं की लू आत. चाळीतल्या बायका म्हातारीच्या बाजूनं गोळा झाल्या. बाळंतिणीला शेक नाही, हे कुणी ऐकलंही नव्हतं. म्हातारी बिचारी रडायच्या घाईला आली.

"शेक नाई भेटला त बाई जलमभर कंबर धरून बसन, बाप्पा," ती म्हणाली.

उत्तर मास्तरांनी दिलं नाही. ते आतून, बाजेवरून आलं. वहिनींचा आवाज मी एरवी भिंतीपलीकडूनही क्वचितच ऐकला होता.

"मागच्या खेपेले शेक भेटलाच होता, आत्याबाई. मायनं टिनाखाली निखारे ठेवले होते. कंबर बरी राह्यली माही. लेकरू नाई राह्यलं."

बायका एकेक करून पांगल्या. म्हातारीनं शेगडी उचलली आणि बाहेरच्या ओसरीत नेऊन ठेवली. तिथं बसून ती वाळूची पुरचुंडी गरम करी आणि सुनेची कंबर शेकायला आत नेई. आठ-पंधरा दिवसांत तीच त्या दाराची पहारेकरीण झाली. बाळ पाहायला आलेल्या बायांना दारातच दम भरी, "येजो त भरकन येजो, नाईतर दिवस बुडाल्यावर येजो." मुलापेक्षा आईच कडक निघाली, म्हणून आम्ही मास्तरांना चिडवून घेतलं.

ज्येष्ठाच्या ऐन काहिलीत घरमालक सुताराला घेऊन आला. पट्ट्या उपटायच्या, बूच काढायचं, चौकटी मोकळ्या करायच्या, आज आणि आत्ता. डोक्यावर ऊन. पोर आत झोपलेलं. आम्ही सगळे ओसरीवर आलो. हसणारी तीच चाळ आता मास्तरांच्या मागं उभी होती. मास्तरांनी भांडण केलं नाही. त्यांनी दार थोडं उघडलं, आणि त्यातून गारवा आमच्या पायांवर आला. मालकाच्या पायांवरही आला असणारच.

"काढा," मास्तर म्हणाले. "पण काढल्यावर जाऊ नका. पोरीच्या उशाशी बसा, दिवस बुडेपर्यंत. मले बी पाहायचं हाये, तुमच्यानं बसवते का."

सुतारानं हत्यारं खाली ठेवली आणि तो सावलीला जाऊन बसला. मालक घाम पुसत राहिला. शेवटी त्यानं आपली अब्रू राखायला एकच शब्द काढला: खोली खाली करा. मास्तरांनी तो हवेतच झेलला. दसऱ्याला खोली खाली करतो, म्हणाले, त्याच्या आधी खिळ्याला हात लावायचा नाही. मालक कबूल झाला. राहत्या घरावर पाणी सोडून या माणसानं एक उन्हाळा पदरात पाडून घेतला होता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर बँकेत उशिरा गेलो आणि साहेबाची बोलणी हसत खाल्ली.

पाऊस आला तेव्हा पोर चांगलं बाळसं धरून होतं. दसऱ्याला मास्तर बोलल्याप्रमाणे निघाले, हिंगणीला, आईपाशी. तिथल्या शाळेत जागा मिळाली होती. जाण्याआधी त्यांनी सगळी खळ खरवडली, घोंगडीच्या पट्ट्या काढल्या आणि मालकाला बोलावून चौकटीवरून त्याचं बोट फिरवायला लावलं. वाळवीचा कणही नव्हता. नाग तेवढा मला दिला. म्हणाले, याले उपाशी ठेवू नका, उन्हाळ्यात दारापाशी झोपवत जा. पुढल्या फाल्गुनात आम्ही रांगेतल्या सगळ्यांनी चिंचोक्याची खळ शिजवली. मालक आला, त्यानं पाहिलं, भाडं घेतलं आणि गेला.

त्यानंतर भेटी तुरळक झाल्या. मी पुढं वर्ध्यातच सिमेंटचं घर बांधलं. मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा हिवाळा होता, आणि मला उगाच वाटलं की उन्हाळा त्यांना नेऊ शकला नाही ते बरं झालं.

त्याच्या पुढच्या वैशाखात भरदुपारी दार वाजलं. खांद्याला पिशवी लावलेली एक तरुण बाई उभी होती. शाळेच्या कामासाठी वर्ध्याला आली होती. नाव सांगायची गरजच पडली नाही, आवाज बापाचा होता. मी पाणी आणायला सांगितलं. पाण्याची वाट न पाहता ती आधी खिडकीशी गेली आणि चौकटीवर तळवा धरला. "काका, इथून झळ येऊन राह्यली," ती म्हणाली. "बुजवली काऊन नाई?" मग विचारल्याशिवाय आमच्या देवघरातली उदबत्ती उचलून पेटवली आणि खिडकीच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. ओठ पुटपुटत होते. आमची नवी सून स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आली, तिनं हे पाहिलं, पेला खाली ठेवला आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभी राहिली.

मी सुनेला काही सांगायला गेलो नाही. मीही हात जोडले.