एक जरी टँकर आला तर

किस्से काही जमवायला जावं लागत नाही. कॉलेजात नोकरी करावी, स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची अडवून बसावं आणि समोर राऊत सरांसारखा माणूस असावा, एवढं पुरतं. परवा आम्ही जुनी मंडळी भेटलो, तर चहा गार झाला, भजी संपली, पण आमच्या विहिरीचा विषय काही संपेना. शेवटी राऊत सरांच्या मिसेस म्हणाल्या, "तुम्ही लोक रिटायर झालात ना नक्की?"

हल्ली कॉलेजं ग्रीन कॅम्पसच्या पाट्या लावतात. आमच्याकडे पाटी नव्हती. कॅम्पस होता आणि त्यात पाणी नव्हतं.

मी केमिस्ट्री शिकवायचे. राऊत सर फिजिक्सचे, पापडी गावच्या बागायतदार घरातले, खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावणारे. परेरा मॅडम बॉटनीच्या, वर मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टर. मॅडम हळू बोलायच्या आणि सगळे मुकाट ऐकायचे. एवढीच आमची टीम.

*

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. वसईत बिल्डिंगा वाढत होत्या, विहिरी खाऱ्या होत होत्या. आमच्या हॉस्टेलला हिवाळा सरला की टँकर लागायचा. तिथे जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या मुली राहायच्या. रोज घरून येऊन शिकणं त्यांना शक्यच नव्हतं.

संस्थेचे अध्यक्ष तात्या. माणूस सरळ, पण एकदा शब्द तोंडातून गेला की मागे नाही. त्या मे महिन्यात मीटिंगमध्ये त्यांनी टेबलावर हात आपटला. "पुढच्या वर्षीची परीक्षा संपेपर्यंत गेटातून एक जरी टँकर आत आला, तर हॉस्टेल बंद. त्या खोल्यांत कॉम्प्युटरचे वर्ग काढू. कॉम्प्युटरला आंघोळ लागत नाही."

बाहेर व्हरांड्यात सविता उभी होती. एफ.वाय.ची परीक्षा नुकतीच दिलेली, जव्हारकडच्या पाड्यावरची, माझ्या प्रॅक्टिकलला सगळ्यात आधी हजर असणारी मुलगी. तिच्या घरी ठरलेलं होतं, हॉस्टेल आहे तोवर कॉलेज, हॉस्टेल गेलं की लग्न. तिने सगळं ऐकलं आणि आम्ही बाहेर येताच परेरा मॅडमना शांतपणे विचारलं, "म्हणजे माझं टी.वाय. आता टँकरवर आहे का?"

  राऊत सर मात्र खूश! "अहो, परीक्षा एप्रिलमध्ये. म्हणजे अख्खा पावसाळा आपल्या हातात आहे की!"

*

सरांचा बेत साधा होता. कॉलेजच्या मागे एक विहीर होती, पाणी असं खारट की साबणाला फेस येत नसे. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपातून, वाळूच्या फिल्टरमधून, त्या विहिरीत सोडायचं. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. मग उन्हाळाभर ते वरच्या वर, जपून उपसायचं.

पाइप बसले, फिल्टर बसला. राहिली गच्ची. आता वसईत मे महिन्यात रिकामी गच्ची कुणाला बघवते? आमच्या गच्चीवर स्टाफचे पापड, मिरच्या, कोकमं, सगळं वाळत पडलेलं असायचं. मॅडमनी नोटीस लावली, "गच्ची आता विहिरीचा भाग आहे. वाळवणं उचलावीत." सगळ्यांनी उचलली.

जूनमध्ये पाणी विहिरीत जायला लागलं. आम्ही आनंदात. चार दिवसांनी प्रॅक्टिकलला विहिरीचं पाणी तपासायला घेतलं. सविताने तक्ता भरला. रंग, नाही. गाळ, किंचित. गंध, जवळ्यासारखा.

मी म्हटलं, "अगं, काहीतरी शास्त्रीय लिही."

"मॅडम, वास घेऊन बघा. याच्याहून शास्त्रीय काय लिहू?"

वास घेतला. खरंच सुका जवळा, बाजारात मिळते ती बारीक कोळंबी! राऊत सर गच्चीवर धावले. टाकीच्या आडोशाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक अख्खी चादर भिजून पडली होती आणि त्यावरचा जवळा आमच्या फिल्टरात पोचला होता. चौकशी सुरू झाली. शिपायांना विचारलं, कॅन्टीनवाल्यांना विचारलं, सगळे देवाशपथ नाही म्हणाले.

दुपारी प्राचार्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. प्राचार्य पुण्याकडचे, घर कडक शाकाहारी. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "वाळू मी बदलून देतो. पण हे आमच्या घरी कळता कामा नये."

*

पाणी आलं, पण ते वाया किती जात होतं ते बघायला हवं होतं. वरची टाकी रोज भरून वाहायची, कारण पंप बंद करायची आठवण कुणालाच नसायची. सरांनी गोखिवऱ्याच्या एका वर्कशॉपमधून तरंगता स्विच करून आणला. टाकी भरली की पंप आपोआप बंद, आणि शिवाय घंटा वाजणार.

मी विचारलं, "घंटा कुठली?"

"नवी कशाला? कॉलेजची आहेच की!"

वायर जोडली. दुसऱ्या दिवशी मी मोलॅरिटी समजावत होते, फळ्यावर गणित अर्धं, आणि तासाची घंटा वाजली. पोरं वह्या मिटून बाहेर. व्हरांड्यात सगळेच मास्तर घड्याळं झटकत उभे. टाकी भरली होती.

तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण पोरं हुशार. त्यांच्या लक्षात आलं, पाणी कमी वापरलं की टाकी लवकर भरते आणि टाकी भरली की तास सुटतो. त्या आठवड्यात एकही नळ उघडा राहिला नाही. गळका नळ दिसला की पोरंच चिंधी बांधायची. एकाने तर मला हात धुताना अडवलं, "मॅडम, जरा नंतर धुता का? पुढचा पिरियड मॅथ्सचा आहे."

प्राचार्यांनी वायर काढायला लावली. सर आजही म्हणतात, पाणीबचतीची इतकी यशस्वी मोहीम वसईत दुसरी झाली नसेल.

*

दिवाळीनंतर खरी परीक्षा. विहिरीतलं पाणी गोडं राहिलंय की खारं होतंय हे रोज बघायचं होतं. बाजारातलं मीटर परवडणारं नव्हतं, म्हणून सरांनी स्वतःच बनवलं. एका डबीत दोन तारा, एक बॅटरी, एक लाल दिवा. तारा पाण्यात बुडवायच्या. पाणी खारट असेल तर दिवा झगझगीत, गोडं असेल तर अगदी मिणमिणता.

डबी सविताच्या ताब्यात. रोज सकाळी ती विहिरीवर जायची आणि मागून हॉस्टेलच्या मुलींचं टोळकं. दिवा मिणमिणला की सगळ्या आनंदाने टाळ्या वाजवायच्या. नवीन आलेले एक सर मला हळूच म्हणाले, "इथे दिवा लागत नाही म्हणून टाळ्या वाजवतात?"

एके दिवशी सविता धावत आली, चेहरा पांढराफटक. दिवा झगझगीत! मॅडम तडक विहिरीवर निघाल्या. मीही घाबरले. नमुने काढले, लॅबमध्ये घेऊन गेले, क्षार तपासले. काही फरक नाही, पाणी कालच्यासारखंच गोडं. पुन्हा तपासलं, तेच. आमची तिघींची डोकी चालेनात.

तेवढ्यात राऊत सर शिट्टी वाजवत आले. "काय झालं? अहो, काल डबी बघितली. दिवा फारच मिणमिणत होता, म्हटलं बॅटरी उतरली असेल. नवीन टाकली. डबल पॉवरची!"

मॅडम कधी कुणाला रागावत नसत. त्या दिवशी त्यांनी सरांचा टेस्टर काढून घेतला आणि आठवडाभर दिला नाही.

*

फेब्रुवारीत तात्या स्वतः बघायला आले. पांढरे कपडे, हातात छत्री, विहिरीच्या काठावर वाकून उभे. सविताने त्यांना डबी दाखवली, तारा बुडवल्या, न अडखळता सगळं समजावून सांगितलं. मला तिचा फार अभिमान वाटला.

तात्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे दिवा लागला नाही की पाणी गोडं?"

"हो तात्या."

"मग आमच्या गल्लीत लाइट जाते, तेव्हा समुद्रसुद्धा गोडा होत असेल."

आम्ही हसलो, पण सविता नाही हसली. ती म्हणाली, "तात्या, पिऊन बघा ना." तात्यांनी छत्री उघडली. "मी घरून पिऊन आलोय. आणि माझी अट आहे तशीच आहे." गाडीत बसून गेले. मला असा राग आला म्हणून सांगू! मॅडम म्हणाल्या, "जाऊ दे. आपल्याला तात्यांना पाणी पाजायचं नाही, टँकर थांबवायचाय."

*

मार्चपासून सरांनी पंपाला टायमर लावला. जोरात उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं, म्हणून पंप थोडा वेळ चालायचा आणि मग बराच वेळ गप्प. प्राचार्य म्हणाले, "माझ्यापेक्षा या पंपाला ऑफ पिरियड जास्त." हॉस्टेलच्या मुलींनी आंघोळीचं पाणी मागे पावसाळ्यात लावलेल्या केळींना वळवलं. तिथे आधी गवतसुद्धा धड उगवत नव्हतं, आणि आता केळफुलं लटकायला लागली. मॅडम येईल त्या पाहुण्याला आधी तिकडेच न्यायच्या.

एप्रिल उजाडला. आजूबाजूच्या सोसायट्यांत टँकरची रांग लागली. आमचं गेट मात्र कोरडं. आम्ही तिघं एकमेकांशी त्यावर बोलायचोसुद्धा नाही, नजर लागेल म्हणून. सायन्सची माणसं आम्ही!

*

आणि परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, गेटवर हॉर्न वाजला.

खिडकीतून बघते तर टँकर. वॉचमनने सवयीने गेट उघडलेलं, टँकरचं नाक आत. राऊत सर ओरडले, "कुणी बोलावला?" कुणीच नव्हता बोलावला. मॅडम चपला न घालता पळाल्या, मागे आम्ही. पोचलो तर टँकरसमोर सविता उभी. हातात पुस्तक, दोन दिवसांनी तिचा शेवटचा पेपर होता. ती जागची हलायला तयार नाही. डोळ्यांत पाणी, पण पाय घट्ट.

"ओ ताई, बाजूला व्हा ना," ड्रायव्हर वैतागला होता. "तात्यांनी धाडलाय."

माझं डोकंच फिरलं. अट यांनीच घालायची आणि परीक्षा संपता संपता टँकरही यांनीच पाठवायचा? मी म्हटलं, "परत ने तो. आम्हाला एक थेंब नकोय तुमच्या तात्यांचा."

ड्रायव्हर खाली उतरला. त्याने टँकरवर हात आपटला. धम्म असा पोकळ आवाज आला.

"थेंब कुठला द्यायचा मॅडम? रिकामा हाय. तात्यांच्या नातीचं लगीन हाय उद्या. त्यांच्या विहिरीचं पानी पार खारं झालंय, सकाळपासून डाळ शिजत नाय. आचारी निघून जायला बसलाय. तात्या बोलले, कॉलेजात जा, तिथलं गोडं पानी भरून आन."

 राऊत सर तोंडावर हात धरून झाडामागे गेले. सविता अजून टँकरसमोर तशीच उभी होती.

परेरा मॅडमनी तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं आणि ड्रायव्हरला नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "भर. आणि तात्यांना सांग, उद्या हॉस्टेलच्या सगळ्या मुली जेवायला येतायत."