विश्वजीतचा पुढचा पाय

विश्वजीतला कसलाही नाद लागला की आधी त्याचं सामान घरात येतं. सायकलिंगचा नाद लागला तेव्हा महागडी सायकल आली. तिच्यावर आता टॉवेल वाळतात. ट्रेकिंगचे बूट आले, ते क्रांती चौकापर्यंत भजी खायला जाऊन आले. कंपनीत चांगल्या हुद्द्यावरचा माणूस, पण हौसेपुढं अक्कल गहाण. त्याची बायको संस्कृती हे सगळं बघत आली आणि दरवेळी "छान आहे" म्हणत आली.

मागच्या हिवाळ्यात दोघं गुलमर्गला गेले. विश्वजीतनं स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून घसरायची फळी, भाड्यानं घेतला आणि बहुतेक वेळ बर्फात बसून काढला. बसून म्हणजे पडून. संस्कृतीलाही एकदा त्या फळीवर उभं राहायचं होतं. "तुला नाय जमायचं, तू फोटो काढ," असं तो म्हणाला आणि तिनं मुकाट्यानं काढले. त्यातलेच बरे फोटो दाखवून यानं ऑफिसात अशी काही फुशारकी मारली, की यंदा चार सहकारी त्याला गुरू मानून गुलमर्गला यायला तयार झाले. संस्कृतीचं तिकीट काढलंच नव्हतं. "मित्रांचीच ट्रिप आहे गं," एवढंच. तिला ते लागलं, चांगलंच लागलं.

गुरूला स्वतःचा बोर्ड नको? मागवला. तोही ताठ, न वाकणारा. का, तर म्हणे, "माझी स्टाइल जरा अग्रेसिव्ह आहे." बोर्डासोबतच्या माहितीत स्पष्ट लिहिलं होतं, की ताठ बोर्ड वेगानं उतरणाऱ्या मुरलेल्यांसाठी आणि लवचीक बोर्ड शिकणाऱ्यांसाठी. संस्कृतीनं ते सगळं वाचून काढलं. त्यानं चित्रं पाहिली.

आता हा बोर्ड आपल्याला मानवतो का, हे संभाजीनगरात कुठं बघणार? साहेबांना सोयगाव आठवलं. तिथं त्याच्या वडिलांची, कारभारींची, सरकी काढायची जिनिंग आहे आणि आवारात कापसाचा हा एवढा ढीग. पांढरा आहे, उतार आहे, आणखी काय पाहिजे! रविवारी संस्कृतीला घेऊन तो तिथं पोचला आणि हेल्मेट, गॉगल चढवून ढिगावर गेला. बोर्ड तसूभरही घसरला नाही. विश्वजीत मात्र कमरेपर्यंत आत गेला.

"आरं, उतर खाली!" कारभारी खालून ओरडले. "लोकायचा माल हाय तो. लई शाना झाला का?"

"बोर्डातच काहीतरी खोट आहे," तोंडातला कापूस थुंकत विश्वजीत म्हणाला.

मग त्याला दुसरी परीक्षा सुचली. बोर्डावर कोणता पाय पुढं ठेवायचा हे ठरवायला मागून कुणीतरी अवचित ढकलायचं. जो पाय आपोआप पुढं पडतो, तो आपला. वर्षभर गुरू म्हणून मिरवणाऱ्याला अजून हेच माहीत नव्हतं! संस्कृतीनं त्याला ढकललं. जरा जास्तच जोरात ढकललं, आणि तिला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. त्याचा कुठलाच पाय पुढं पडला नाही. तो धपकन खाली बसला.

"तू चुकीचं ढकललं," तो म्हणाला.

"आता मला ढकला."

"तुला कशाला? तू कुठं येणार आहेस?"

"ढकला तर."

त्यानं मोबाइलवरची नजर न काढता तिच्या पाठीला धक्का दिला. तिचा डावा पाय सरळ पुढं पडला आणि ती उभी राहिली. किती सोपं होतं! तिला इतका आनंद झाला, की वर्षभराचा राग ती क्षणभर विसरली. क्षणभरच.

"हा बोर्ड नाय चालणार," विश्वजीत सांगत होता. "माझ्या स्टाइलला सूट होत नाय. परत पाठवतो."

"पाठवा," संस्कृती म्हणाली. "त्याच्या बदली शिकणाऱ्यांचा मागवा, माझ्या उंचीचा. अन् तिकीट माझं मी काढते. मला शिकायची लाज नाय वाटत."