कुंकवाशिवाय आलेली पत्रिका

उंद्रीत शकीलभाईंच्या छापखान्यातून पत्रिका गेली नाही, असं लग्न शोधायला निघालात तर दिवस मोडेल. बावीस वर्षांच्या पत्रिका त्यांच्या एकाच संगणकात. कोणाचा काका रुसका, कोणाचं नाव वर घ्यायचं, सगळं त्यातच. दुसरीकडे कॉपी? उद्या करू, उद्या करू म्हणता म्हणता राहिली ती राहिलीच.

त्या दुपारी नारायणराव गुरुजींचा ईमेल आला, 'प्रतीक्षाच्या लग्नाची पत्रिका', सोबत फाइल. शकीलभाई हरखले. गुरुजींनी त्यांना पाढे शिकवलेले, आणि त्यांच्या धाकट्या मुलीचं, प्रतीक्षाचं लग्न चार वर्षं जुळत नव्हतं. बोट माउसवर गेलंच.

अन् तिथंच अडलं. मोठ्या मुलीच्या वेळी गुरुजी हातानं लिहिलेला कागद, कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावून, स्वतः घेऊन आले होते. शकीलभाईंकडे मजकूर येतो तो असाच. मग आजच हे ईमेलचं खूळ कुठून आलं?

त्यांनी फाइलचं पूर्ण नाव दिसेल असं केलं. मधे पीडीएफ, पण शेपटीला ईएक्सई. म्हणजे वाचायचा कागद नव्हे, उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम. पत्रिकेला मेली चालू कशाला व्हायचंय? अँटीव्हायरस म्हणाला, सगळं ठीक. पण तो फुकटातला, त्याच्यावर भरवसा तो किती ठेवायचा. राहिला फोन. गुरुजींवरच शंका घेऊन 'तुम्हीच पाठवली का' विचारणं म्हणजे आ बैल मुझे मार. पण बावीस वर्षं पणाला लागलेली. लावला.

"गुरुजी, पत्रिकेची फाइल तुम्हीच धाडली काय?"

पलीकडून गुरुजींचा थकलेला आवाज आला.

"नाही रे. परवा मले एका स्थळाचा बायोडाटा आला होता. कॉम्प्युटरवर उघडला, तं त्यात काहीच नाही. तवापासून माह्या नावानं हे सगळ्याइले जाऊन राह्यलं. सकाळपासून लोकं अभिनंदन करून राह्यले."

"सगळ्याइले सांगा, उघडू नका म्हणा. पासवर्ड बदलाले मी येतो संध्याकाळी." शकीलभाईंनी फाइल पुसून टाकली.

गुरुजींनी फोन ठेवला नव्हता. "शकील," ते हळूच म्हणाले, "त्या पत्रिकेत पोराचं नाव काय होतं?"

शकीलभाईंची नजर पुसलेल्या फाइलच्या रिकाम्या जागेवर गेली.

"म्या उघडलीच नाही, गुरुजी. तुम्ही कुंकू लावून कागद घेऊन या, मग दोघं मिळून वाचू."