गाळलेला ‘रेट्रो’

“चांगली चमकायलीय की. अजून काय पाहिजे तुम्हाला?” एमडी साहेबांनी विचारलं.

यार्डात ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या मागच्या बाजूला लाल आणि चंदेरी टेप नुकतीच चिकटवलेली होती. दुपारच्या उन्हात तिच्याकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू व्हायचा होता. मग या ट्रॉल्या मानवत-पाथरी भागात रात्रंदिवस धावणार होत्या. मी या साखर कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर आहे. या टेपवर एकही ट्रॉली गेटबाहेर सोडू नये, असं मी साहेबांना सांगत होतो.

टेप आली तेव्हाच मला शंका आली होती. मागणीत मी ‘रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह टेप’ असं लिहून दिलं होतं. बॉक्सवर नुसतंच ‘रिफ्लेक्टिव्ह’ होतं. स्टोअरच्या गजाननला विचारलं. तो सरळ माणूस आहे, त्याने सरळ सांगितलं.

“सर, रेट्रो म्हंजे जुनं ना? रेट्रो गाणी म्हणतेत तसं. म्हणलं, जुन्या मॉडेलची कशाला घ्यायची? रेट्रो काढून टाकलं अन् नवी मागवली.”

कारखान्याचं भलं केल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. मला रागावता आलं नाही. मराठीत आपण या दोन्ही शब्दांना ‘परावर्तक’ म्हणूनच मोकळे होतो.

फरक असा आहे. रिफ्लेक्टिव्ह म्हणजे उजेड परत फेकणारं काहीही. आरसा घ्या, स्टीलचं ताट घ्या. उजेड तिरपा पडला तर तो तिरपाच दुसऱ्या बाजूला निघून जातो, भिंतीवर तिरपा मारलेला चेंडू जातो तसा. रेट्रो म्हणजे मागे. रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह टेपमध्ये काचेचे बारीक मणी किंवा आरशासारखे बारीक कोपरे असतात. उजेड थोडा तिरपा आला तरी ते त्याला आल्या वाटेने मागे पाठवतात. गाडीचा उजेड गाडी चालवणाऱ्याकडेच परत येतो. रस्त्यावर बंद पडलेली ट्रॉली कधीच सरळ उभी नसते. तिचं एक चाक साइडपट्टीवर उतरलेलं असतं, दांडी वळलेली असते. तिथे साधी चमक उपयोगाची नाही.

हे सगळं मी साहेबांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “वाघमारे, तुमच्या घरात झालं त्याचं मलाही वाईट वाटतं. मी आलो होतो तेव्हा. पण आता प्रत्येक ट्रॉलीत तुम्हाला तेच दिसायलंय. उद्या मोळी आहे. लोकांचा ऊस तोडून पडलाय.”

माझा धाकटा भाऊ मिलिंद. मानवतला त्याचं मेडिकल होतं. मागच्या हंगामात दुकान बंद करून मोटारसायकलवर घरी येताना तो रस्त्यात उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला आणि गेला. ती ट्रॉली आमच्या कारखान्याची नव्हती. दुसऱ्या दिवशी मी ती बघायला गेलो होतो. तिलाही मागे चंदेरी टेप होती. उन्हात छान चमकत होती.

साहेबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मला तेच दिसत होतं. म्हणून बोलून काही होणार नाही, हेही कळलं. माझ्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य त्यांना मिलिंदचंच वाटलं असतं.

“साहेब, पाच मिनिटं गोडाऊनमध्ये चला,” मी म्हणालो. “मी काहीच बोलणार नाही. तुम्हीच बघा.”

साखरेचं गोडाऊन हंगामाआधी रिकामं असतं. शटर ओढलं की भरदुपारी आत अंधार. मी एका फळीवर दोन पट्ट्या लावल्या. एक नवी टेप, दुसरी माझ्या जुन्या सेफ्टी जॅकेटची. फळी भिंतीला तिरकी टेकवली, रस्त्यावरून उतरलेल्या ट्रॉलीसारखी. साहेबांना टॉर्च दिली आणि डोळ्याजवळ धरायला सांगितली. गजानन बाजूला उभा होता. शटर खाली आलं.

साहेबांनी टॉर्च लावली. जॅकेटची पट्टी पांढरी पेटल्यासारखी दिसली. तिच्या शेजारी काहीच नव्हतं. फळीसुद्धा नीट दिसत नव्हती.

“नवी टेप कुठंय?”

“शेजारीच आहे, साहेब.”

“मग उजेड गेला कुठं?”

बाजूने गजाननचा आवाज आला. “माझ्या डोळ्यात येऊलालाय, साहेब. जरा टॉर्च हलवा.”

कुणी हसलं नाही. साहेबांनी टॉर्च खाली केली. मग म्हणाले, “सकाळपासून एवढ्या लोकांनी टेप बघितली. कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?”

“दिवसा बघितली म्हणून.”

त्यांनी शटर वर करायला सांगितलं. मग गजाननला ‘रेट्रो’ लिहून नवीन मागणी पाठवायला सांगितलं.

मोळी ठरल्या वेळी पडली. ज्या ट्रॉल्यांवर या टेपशेजारी गेल्या वर्षीची योग्य टेप शाबूत होती, तेवढ्याच बाहेर पडल्या. बाकीच्या रेट्रो टेप येईपर्यंत यार्डात थांबल्या. तोडलेला ऊस वाळतो म्हणून शेतकऱ्यांनी ऑफिसात येऊन आम्हाला भरपूर ऐकवलं. तो रोष साहेबांनी स्वतःवर घेतला, माझ्याकडे कुणाला पाठवलं नाही.

आता मागणीपत्र टाइप करताना गजानन प्रत्येक न कळलेल्या शब्दापाशी थांबतो आणि फोन करतो. “सर, हे ठेवायचं का काढायचं?” कधीकधी वैताग येतो, पण मी उत्तर देतो. न कळलेला शब्द परस्पर गाळू नये, एवढाच या प्रकरणाचा धडा.

दिवेलागणीनंतर घरी जाताना पुढे आमची ट्रॉली लागते. माझ्या हेडलाइटचा उजेड तिच्यावर पडतो आणि तसाच माझ्याकडे परत येतो. मी वेग कमी करतो.