जोडलेली पानं

राईस मिलमधून उकडलेल्या धानाचा वास आला, की मला अजूनही गोंदियाच्या त्या छापखान्यातला बाक आठवतो. तिथून निघणाऱ्या छोट्या मासिकात मी पुस्तकांची परीक्षणं लिहायचे. एकदा मिलवाल्या शेटजींचा कवितासंग्रह आला. संपादकांनी कौतुकाचा मजकूर आधीच लिहून ठेवला होता, खाली फक्त माझी सही हवी होती. मी पुस्तक उघडलं, तर पानं कडेला जोडलेलीच. तेव्हा पुस्तकं अशीच यायची. वाचणाऱ्यानं सुरीनं पानं कापायची.

“हे वाचलं कोणी?” मी विचारलं.

“वाचाले कायले पाहिजे, बाई? शेटजींची जाहिरात गेली तं अंक कसा निघंल?”

मी त्यांच्याच टेबलावरची सुरी उचलली आणि बाकावर बसून, पानं कापत कापत सगळं पुस्तक वाचलं. मग लिहिलं, ‘दोन कवितांत दाणा आहे, बाकी कोंडा.’ शेटजींना परीक्षण माझ्याच सहीचं हवं होतं आणि दुसऱ्या कशाखाली मी सही करणार नव्हते, म्हणून संपादकांनी चरफडत तेच छापलं.

जाहिरात गेली, मासिकही बंद पडलं. ‘बाईनं बुडवलं’ असं लोक म्हणाले. म्हणोत. शेटजींचं कौतुक बाकी सगळ्या मासिकांनी केलं. त्यांना वाचलं मात्र मी एकटीनं.