आज उद्घाटन होणार नाही

काशिनाथ रणदिवे गेल्याची बातमी मला अकलूज गाडीच्या कंडक्टरने दारात लोंबकळत सांगितली. "पेपरवाले, आपले कंट्रोलर गेले हो! काल दुपारी, पिंपळीत!" एवढं ओरडून त्याने घंटी मारली आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडत होतो. सुतळी हातात तशीच राहिली. कोणती गाडी कधी आणि कुठून सुटेल हे सांगण्यात ज्या माणसाची तीस वर्षं गेली, त्याची स्वतःची बातमी अशी न थांबणाऱ्या गाडीतून यावी... ते असते तर कंडक्टरला परत बोलावून म्हणाले असते, "नीट सांग. कधी, कुठं, कशानं. अर्धी सूचना म्हणजे अफवा."

त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. दरम्यान आमच्याकडे रीतसर शोकसभा झाली, तीत काशिनाथरावांबद्दल थोडं आणि वक्त्यांबद्दल बरंच बोललं गेलं. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यावरचं. नाव लिहीत नाही, कारण या हकिगतीतले पुढारी अजून धडधाकट आहेत आणि पेपर माझ्याकडूनच घेतात. सात-आठ वर्षांपूर्वी गावात ग्रामपंचायत होती, आजही तीच आहे, पण आमची समजूत अशी की आपण शहर झालो. त्या समजुतीतून 'शहर सुधार समिती' निघाली. अध्यक्ष अर्थातच सरपंच आबा. माणूस मनाने मोकळा, पण हारात मान घातल्याशिवाय त्यांना दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे. अक्षर बरं म्हणून मी चिटणीस. स्टँड गावाच्या तोंडाशी, म्हणून तिथले वाहतूक नियंत्रक काशिनाथराव सल्लागार. पहिल्या दोन सभांत स्वागत कमान आणि चौकातलं कारंजं मंजूर झालं. चौकात प्यायचं पाणी तीन दिवसांतून एकदा येत होतं, पण तो मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

काशिनाथराव तिसऱ्या सभेला प्रथम बोलले. "कमान करा, कारंजं करा. पण स्टँडवर बायकांसाठी मुतारी न्हाय. ती आधी करा."

आबांनी टोपी नीट केली. "कंट्रोलर, शब्द तरी जरा बरा वापरा की."

"शब्द तुमी बरा निवडा, आबा. जागा मी दाखवतो."

मी कार्यवृत्तात 'महिला प्रसाधनगृह' असं लिहिलं. सभेला हायसं वाटलं.

ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कुठून आली हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांच्या खिडकीसमोरच्या बाकावर पिंपळीची गऊबाई भाजी संपवून गाडीची वाट बघत बसायची. मे महिन्यात एकदा ती बसल्या जागीच कलंडली. काशिनाथरावांनी तांब्या पुढे केला तर शुद्धीवर येऊनही ती पाण्याला नको म्हणाली. "पाणी पिऊन जायचं कुठं, दादा?" त्या दिवसापासून ते बघत राहिले, आणि त्यांना दिसलं की सकाळपासून स्टँडवर बसलेली एकही बाई पाणी पीत नाही. माझा स्टॉल त्यांच्या खिडकीपासून दहा पावलांवर. मी रोज तीन वर्तमानपत्रं वाचत होतो, जगातल्या क्रांत्यांवर मला मतं होती. हे मात्र मला कधी दिसलं नव्हतं.

प्रसाधनगृह बांधून झालं, आणि झालं ते फर्मास. बाहेरून गुलाबी रंग, दाराशेजारी संगमरवरी पाटी. पाटीवर 'यांच्या शुभहस्ते' हे शब्द कोरून झाले होते, वर नावापुरती जागा मोकळी. मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन झाल्याखेरीज वास्तू वापरात आणू नये, हा ठराव माझ्याच अक्षरात आहे, नाकारून उपयोग नाही. मग मान्यवर शोधायला सुरुवात झाली. एक म्हणाले दौरा आहे. दुसरे म्हणाले, कमानीच्या वेळी नक्की येतो. तिसऱ्यांच्या चिरंजीवांनी विचारलं की फोटो नेमका कुठे उभं राहून काढणार. थोडक्यात, मुतारीच्या पाटीवर नाव यावं असं जिल्ह्यात कुणालाच वाटत नव्हतं. दाराला कुलूप, किल्ली आबांच्या खिशात, आणि बाया पूर्वीसारख्याच तहानलेल्या, अगदीच नाइलाज झाला तर स्टँडमागच्या ओढ्याकडे.

काशिनाथराव दोनदा आबांकडे जाऊन आले. "कुलूप तरी काढा. फीत मागनं कापा."

"तसं कसं? उद्घाटन न्हाय तर कामाला किंमत काय राहिली?" आबांना हे मनापासून वाटत होतं.

मग एके सकाळी भिगवण गाडीची सूचना झाल्यावर कर्णा बंद झाला नाही. त्याच आवाजात, त्याच संथ लयीत पुढचं ऐकू आलं : "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. महिला प्रसाधनगृहाचे उद्घाटन आज होणार नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

रसवंतीवाल्याच्या हातातला ऊस चरकात अडकला म्हणतात. मी हसून घेतलं आणि वाटलं, झाली थट्टा एकदाची. पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. आवाजात टोमणा नाही, राग नाही, गाडी रद्द झाल्याचं सांगावं तसं. महिन्याभरात ही सूचना सुप्यापासून सोमेश्वरनगरपर्यंत गाड्यांबरोबर फिरली. आबा बाजार समितीत गेले की लोक आस्थेने विचारायचे, "काय आबा, आजबी न्हाय का?"

आबांनी वर तक्रार केली. चौकशीला एक साहेब जीपमधून आले. मी स्टॉलवरून कान लावून बसलो होतो.

"तुम्ही चुकीची माहिती प्रसारित करता?"

"नाही साहेब. रोज खातरजमा करतो. उद्घाटन खरंच नसतं."

साहेबांच्या मिशा हलल्या, पण ते साहेब होते. माइकवर फक्त गाड्यांच्याच सूचना द्यायच्या असं त्यांनी लिहून घेतलं, आणि पुन्हा तक्रार आली तर बदली चंद्रपूरकडे, हेही सांगितलं. काशिनाथरावांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. पिंपळीत नुकतंच घराचं छत पडलं होतं, पत्नी सुमनवहिनींना दम्यामुळे फार हलता येत नव्हतं. मी संध्याकाळी त्यांना म्हटलं, "झालं तेवढं पुष्कळ झालं. सोडा आता." माझ्या सल्ल्यांना त्यांनी नेहमी मान दिला, म्हणजे शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

आठवडाभर कर्णा सरळ वागला. आबा खुशीत होते, कारण मुलीचं लग्न ठरलं होतं. एके दिवशी विहीणबाई लग्नाच्या बस्त्यासाठी इंदापूरहून बारामतीला निघाल्या होत्या आणि गाडी आमच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबत असे. तेवढ्या दहा मिनिटांत स्वागत करायचं म्हणून आबा हार, पेढे आणि दोन सदस्य घेऊन आले. पण आबा हार सोडवत होते तोवर विहीणबाई मागच्या बाजूने उतरून थेट काशिनाथरावांच्या खिडकीशी पोचल्या. चांगल्या उंच्यापुऱ्या, नऊवारीतल्या, आवाज खणखणीत.

"कंट्रोलर, बायामान्सांची सोय कुठं हाय हितं?"

"सोय हाय, बाई. गुलाबी रंगाची. पण कुलूप हाय."

"मग आमी जावं कुठं?"

"ओढ्याकडं. सावकाश जाऊन या. गाडी थांबवतो."

आणि त्यांनी माइक ओढला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघत होतो. एकदा त्यांनी डोळे मिटले... चंद्रपूर दिसलं असावं. मग तोच संथ आवाज : "इंदापूर-बारामती गाडी पंधरा मिनिटे उशिरा सुटेल. कारण, गाडीतील एक महिला प्रवासी ओढ्याकडे निघाल्या आहेत."

सूचना गाडीचीच होती. उशिराचं कारण सांगणं हे तर नियमातच बसत होतं. साऱ्या स्टँडची मान ओढ्याच्या वाटेकडे वळली, आणि आबांचीही. हातात हार, आणि समोर पदर खोचून चाललेल्या आपल्या विहीणबाई.

आबा त्या वयात धावले. मी त्यांना पुन्हा कधी धावताना पाहिलं नाही. विहीणबाईंना अडवून, खिशातली किल्ली काढून, स्वतःच्या हातांनी त्यांनी कुलूप उघडलं. फीत नव्हती, भाषण नव्हतं. हार गडबडीत दाराच्या कडीला अडकवला गेला, तेवढाच काय तो समारंभ. सगळं स्टँड बाहेर आदराने उभं. थोड्या वेळाने दार उघडून विहीणबाई म्हणाल्या,

"इवाई, बांधलंय झ्याक. पर आत पाण्याचा थेंब न्हाय की!"

नळजोड घ्यायचा राहूनच गेला होता. कमिटीत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, चिटणिसाच्याही नाही. आबा लाल झाले, मग विहीणबाईच हसायला लागल्या, आणि आबांना हसावंच लागलं. हसल्यावर तक्रार करता येत नाही. चंद्रपूर टळलं. पंधरा दिवसांत नळ आला आणि लग्नही झालं. त्यात काशिनाथरावांना आबांनी पहिल्या पंगतीला बसवून स्वतः वाढलं. वाढताना म्हणाले, "कंट्रोलर, हितं तरी गप जेवा." पाटीवरची मोकळी जागा मात्र कुणी भरली नाही.

नळ आला तरी पाणी रोज येईलच अशी काशिनाथरावांना खात्री नव्हती. निवृत्त होईपर्यंत सकाळच्या पहिल्या गाडीआधी ते स्वतः नळ सोडून बघत आणि मग कर्ण्यावरून सांगत, आज पाणी आहे किंवा आज नाही. नाही म्हटलं की तासाभरात पंचायतीचा टँकर येई. त्यांच्या जागी आलेल्या तरुण नियंत्रकाला त्यांनी कामाची यादी दिली, तीत गाड्यांच्या आधी हे एक काम होतं. ही सरकारी यादी नव्हे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

परवा सकाळी बारामती गाडी निघायच्या बेतात होती. कर्णा म्हणाला, "महिला प्रसाधनगृहात आज पाणी आहे." सुप्याकडची एक म्हातारी गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. तिने कर्ण्याकडे असं पाहिलं, जणू तिथं कुणी ओळखीचं बसलं आहे.

"हाय का? मग थांब जरा," ती त्याला म्हणाली आणि बोचकं पायरीवरच ठेवून वळली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.