निगेटिव्हची वायर कोण काढतं?

आमच्या कंपनीत कुणी म्हणालं ना, "साहेब, मशीन आपोआप बंद पडलं," की मी त्याच्यावर खेकसतो. आपोआप काहीही होत नसतं! वाळूजला मेंटेनन्समध्ये सोळा वर्षं काढलीत मी. फॉल्ट शोधला की सापडतोच. भूतखेत, करणी, नजर... सासूबाईंनी गाडीला बांधलेलं लिंबू-मिरची मी त्यांच्यादेखत काढून फेकलं होतं. तर असा माणूस हे लिहितोय, आणि लिहिताना त्याचंच डोकं भणभणतंय.

गाडी घेतली ती आईसाठी. तिचं डायलिसिस सुरू झालं — सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला. परत येताना तिला बसवत नाही. रिक्षात माझ्या खांद्यावर मान टाकून यायची, आणि गारखेड्यातले खड्डे तर तुम्हाला माहीतच आहेत. म्हणून एजंटाकडून एक जुनी सात सीटर डिझेल गाडी घेतली. मागचं सीट पाडलं की आई झोपून येते. आधीचे मालक गंगापूर तालुक्यातले, गाडी एकाच हाताखाली चाललेली. मला फक्त एवढंच हवं होतं की आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेसहाला ती चालू व्हावी. जास्त मागितलं का मी?

पहिल्याच आठवड्यात बॅटरी डाउन. दोनदा. मुकुंदवाडीत रफीकभाईंचं गॅरेज आहे, माणूस कामाला पक्का, तोंडानं तिखट. त्यांनी मीटर लावला तर गाडी बंद असतानाही करंट जात होता. गाण्यांच्या जुन्या टेपची एक वायर घासली होती. ती कापली, नवी बॅटरी बसवली, चार्जिंग तपासलं. सगळं ओके. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या बाटलीत नुसतं पाणी होतं, तेही काढून रेडिएटर धुतला आणि हिरवंगार कूलंट भरलं. "अब छे महिने मेरेकू शकल नक्को दिखाओ," म्हणाले.

पाचव्या दिवशी, बुधवारी, आईला गाडीत बसवून चावी फिरवली... काहीच नाही. टक् सुद्धा नाही. बॉनेट उघडलं तर बॅटरीची निगेटिव्हची वायर काढलेली! तुटलेली नव्हे, निसटलेली नव्हे. पान्यानं नट सैल करून काढलेली आणि नीट बाजूला वाकवून ठेवलेली. आणि कूलंटच्या बाटलीत — स्वच्छ पाणी.

"सांच्याला तूच काढली असशील, ध्यानात नसंल," आई म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी तेच. वॉचमनला झापलं. वरच्या मजल्यावरच्या पोरांवर संशय घेतला, त्यांच्या वडिलांशी भांडण झालं, ते आजही बोलत नाहीत. बॉनेटच्या फटीवर चिकटपट्टी लावली, तिच्यावर सही केली. सकाळी पट्टी जशीच्या तशी, सही जशीच्या तशी, आणि आत वायर काढलेली. पार्किंगच्या कॅमेऱ्यात काय दिसलं? एक मांजर. रफीकभाईंकडे तीनदा कूलंट भरलं, तिन्ही वेळा पाणी निघालं. "क्या साब, मां के वास्ते गाडी लिये, और कूलंट में कंजूसी करते?" चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. मला कंजूष म्हणाले! मला!

मग खिशात दहा नंबरचा पाना ठेवूनच खाली उतरायला लागलो. पण रोजच्या उघडझापीनं वायरच्या क्लॅम्पचे आटे गेले, आणि एका शुक्रवारी वायर बसेचना. शेवटी रिक्षानं आम्ही सव्वा तास उशिरा पोचलो. मशीनला पुढचा पेशंट होता, आईचं डायलिसिस अर्ध्यावर आटोपलं. संध्याकाळपर्यंत तिचे पाय सुजून टम्म झाले. "राहू दे रे, सोमवारी होईल की," ती मलाच समजावत होती. त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

शनिवारी नवा क्लॅम्प बसवला, आरसीवरचा पत्ता काढला आणि रविवारी गंगापूरकडे निघालो. मोटरसायकलवर, त्या गाडीचा भरवसा कुणी धरावा! खराब गाडी गळ्यात मारली म्हणून आधीच्या मालकाला चार शब्द सुनावायचे, एवढंच डोक्यात होतं.

उसाच्या कडेला घर. ओसरीवर बाजेवर एक गृहस्थ पडलेले. मालक तेच, भानुदासकाका. वर्ष होत आलं, लकवा मारला होता. वाचा गेलेली, फक्त डोळे आणि उजवा हात चालतो. मी कोण ते सांगितल्यावर काकूंचा पहिला प्रश्न, "गाडी बरी हाय ना हो?"

काय सुनावणार कप्पाळ! चहा घेत बसलो.

दिवस मावळायला लागला तसा काकांचा उजवा हात गोधडीवरून उठला. अंगठा आणि दोन बोटं हवेत फिरायला लागली. डावीकडं, थोडं थांबून परत डावीकडं. सोळा वर्षं पाना फिरवलाय मी, मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"गाडी गेल्यावर काही दिसांनी सुरू झालं, रोज ह्या टायमाला असंच," काकू म्हणाल्या. "गाडी लावली की वायर काढल्याबिगर घरात पाय ठेवत नव्हते. म्हणायचे, बॅटरी उतरती, सकाळी धोका देईल."

मग त्यांनी तांब्या भरला, अंगणात पत्र्याच्या रिकाम्या शेडखाली गेल्या आणि पाणी जमिनीवर ओतलं.

"हे कशाला, काकू?"

"जनावराला पाजल्याबिगर आपण पाणी पिऊ नाय, अशी ह्या घरची रीत. बैल गेले, गाडी आली, ह्यांनी तेच चालू ठेवलं. आता गाडी नाय, तरी मी तिथं ओतल्याबिगर ह्ये घोटभर घेत नाहीत."

मग जे केलं ते लिहायलाही लाज वाटते. त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "काका, बॅटरी खाणारी वायर मी कापून टाकलीय. सोमवार, बुधवार, शुक्रवारी सकाळी आईला दवाखान्यात न्यायचं असतं. आदल्या संध्याकाळी काढू नका... पाया पडतो तुमच्या."

काकू लगेच हिशोबाला लागल्या, "म्हंजी आइतवार, मंगळवार, बेस्तरवार नाय काढायची. व्हय ना? मी सांगत जाईन त्यांना."

सोमवारी सकाळी वायर घट्ट. मंगळवारी काढलेली. बुधवारी घट्ट. पुढं तीन महिने हेच वेळापत्रक, एकदाही चूक नाही. आमच्या कंपनीत इतकं काटेकोर कुणी नाही. बाटलीत मात्र पाणीच.

गेल्या महिन्यातली गोष्ट. गुरुवार, सकाळचे आठ. चहा घेता घेता आईला धाप लागली, ओठ निळे पडले. मी आणि बायकोनं तिला उचलून खाली आणलं, गाडीत घातलं, आणि तेव्हा मला आठवलं — आज गुरुवार. वायर काढलेली असणार, आणि पाना वर घरात. तरी सवयीनं चावी फिरवली.

पहिल्या झटक्यात गाडी चालू झाली.

छातीत पाणी भरलं होतं. "अजून पंधरा मिनिटं गेली असती तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. आई आता बरी आहे. भाजीत मीठ नाही म्हणून रोज कुरकुरते.

संध्याकाळी काकूंना फोन लावला. मी काही सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, "काल ह्यांनी लई हट्ट केला बघा. मी म्हणलं, आज बुधवार, आज काढायची. तर ऐकंनात. मूठ जी आवळली ती रातभर सोडली नाय. बोटं सोडवाया गेले तर डोळ्यातून पाणी. आज सकाळी आठ-साडेआठला सोडली. गाडी बरी हाय ना?"

"बरी आहे, काकू," मी म्हणालो.

सोळा वर्षांत हा एक फॉल्ट मला सापडलेला नाही, आणि खरं सांगतो, आता शोधतही नाही. कूलंट भरणं सोडून दिलंय. परवा रफीकभाईंनी बाटली बघून मान हलवली, "साब, पानीच डालते तो सच बोल दो ना एक बार."

"हौ भाई," मी म्हणालो, "घर का पानी है."